गुडमारची दोन पानं

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. शाळेत पोरं मला टरकून असतात. घरी नवरा टरकत नाही, तो नुसता ऐकू न आल्यासारखा चेहरा करतो, आणि मग मला आणखी राग येतो. पण ही आठवण भांडणाची नाही. दोन-तीन माणसांचे माझ्यावर उपकार आहेत आणि त्या त्या वेळी ते मी तोंडाने कधी बोलून दाखवले नाहीत. म्हणून लिहायला बसले.

पहिल्या माझ्या सासूबाई. त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही. त्यांचं माहेर यावलकडचं, केळीच्या बागांमधलं. लहानपणी शेतात खेळताना तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, लागून डावा डोळा गेला, तो कायमचाच. उजव्या एका डोळ्यावर बाईने शेती केली, पोरं वाढवली, जळगावला घर बांधताना विटा मोजून घेतल्या. आणि चार-पाच वर्षांपूर्वी त्याच डोळ्यात मोतीबिंदू झाला. आधी टीव्हीवरची खालची पट्टी दिसेना, मग डाळीतले खडे, मग समोरच्याचा चेहरा. शेवटी शेवटी दारात कोण आलंय ते त्या चपलांच्या आवाजावरून ओळखायच्या.

माझं माहेर धुळ्याचं. तिथे डोळ्यांचे एक चांगले डॉक्टर आहेत म्हणून मी त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन सोपं आहे, पण रक्तातली साखर एवढी चढलेली असताना मी हात लावणार नाही. जखम चिघळली तर? दोन डोळ्यांच्या माणसाला एखादा धोका पत्करता येतो, यांना नाही. आधी साखर खाली आणा.

परतीच्या एसटीत पारोळा आलं. अक्का खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "एकच तं व्हता."  मी चिडून कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून वाद घातला, कारण कुणावर तरी चिडणं भाग होतं.

जळगावात मधुमेहाच्या एक तरुण डॉक्टरबाई आहेत, त्यांच्याकडे उपचार सुरू केले. गोळ्या आल्या, साखर बघायचं छोटं मशीन आलं. नवरा औषधाच्या दुकानात कामाला आहे, त्यामुळे गोळ्या कधी संपल्या नाहीत. अक्कांनी चहातली साखर सोडली, आंबा सोडला, सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत भिंत धरून चालायला लागल्या. तरी मशीनवरचा आकडा काही हवा तसा उतरेना. डॉक्टरबाई म्हणायच्या, उतरतोय, धीर धरा. धीर हा माझा प्रांत नाही.

मी यावल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, रोज एसटीने जाते-येते. तिथल्या आठवडे बाजारात सातपुड्यातून खाली उतरलेल्या बाया बसतात. डिंक, मध, मुळ्या, साली असं काय काय त्यांच्या फडक्यावर मांडलेलं असतं. त्यातल्या एकीकडून मी मध घ्यायची. माझ्याच वयाची असेल, बोलायला मोजकी. एकदा मध घेताना सहज सासूबाईंचं सांगितलं, तर तिने एका वेलीची हिरवी पानं काढली. म्हणाली, गुडमार. मग एक पान माझ्या हातात देऊन चावायला लावलं. कडवट, पालेभाजीच्या देठासारखी चव. मी तोंड वाकडं केलं. तशी तिने शेजारच्या दुकानातून गुळाचा खडा मागून माझ्या तोंडात घातला.

काय सांगू! गूळ गोड लागेना. म्हणजे कमी गोड नाही, गोड लागतच नव्हता. तोंडात वाळू घोळवतेय असं झालं. मी तो थुंकून टाकला आणि ती बाई हसायला लागली. अर्धा तास मी तशीच होते, एसटी स्टँडवरचा चहासुद्धा नुसतं गरम पाणी. मला वाटलं, जे पान जिभेवरचं गोड असं पुसून टाकतं ते रक्तातलं का नाही पुसणार? कणभर कळलं की मणभर कळल्यासारखं वाटणं, ही आम्हा मास्तर लोकांची खोड आहे.

पण त्या बाईने पानं बांधून देताना एक विचारलं होतं. सासू डॉक्टरची गोळी खाते का? मी हो म्हटलं. तर म्हणाली, मग त्याला विचारून दे. मी हो हो म्हणून पिशवी उचलली. एसटी सुटायची होती.

विचारलं मी कुणालाच नाही. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. औषधाच्या दुकानात उभं राहून राहून त्याचं झाडपाल्याशी वैर झालंय. कुणी काढा म्हटलं तरी त्याच्या कपाळावर आठ्या येतात. मग पानं मी माझ्या शाळेच्या पिशवीतून आणायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या मागे ठेवायची. अक्का सकाळी अंघोळ झाली की दोन पानं चावायच्या. त्यांना मजा वाटायची. बिनसाखरेचा चहा आता सुना लागत नाही म्हणाल्या, कारण गोड म्हणून काही उरलंच नाही. आम्ही दोघी त्यावर पोरींसारख्या खुदखुदायचो. लग्नाला वीस वर्षं झाली, पण सासू-सुनेचं असं गुपित पहिल्यांदाच.

आणि आकडा उतरायला लागला, खरंच. पानांमुळे, गोळ्यांमुळे की चालण्यामुळे, ते देव जाणे, पण श्रेय मी मनातल्या मनात पानांना आणि पर्यायाने स्वतःला देऊन टाकलं. डॉक्टरबाईंकडे गेलो तेव्हा त्या खूश झाल्या. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, या गोळ्यांशिवाय आणखी काही औषध घेता का? मी म्हटलं, नाही. अक्काही म्हणाल्या, नही. मला वाटलंसुद्धा नाही की मी खोटं बोलतेय. आमच्या घरात औषध म्हणजे जे नवऱ्याच्या दुकानातून पाकिटात येतं ते. पाला तो पाला. मेथीची भाजी खाल्ली तर ती काय कुणी डॉक्टरला सांगतं?

मग आखाजी आली.

खान्देशात आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि आमच्याकडे तिला दिवाळीइतकाच मान. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, पुरणाचे मांडे होतात. आणि पितरांना नैवेद्य दाखवून, निखाऱ्यावर घास टाकून आगारी दिल्याशिवाय घरात कुणी तोंडात काही घालत नाही. पुरणाची चवसुद्धा बघत नाहीत.

मांडे अक्कांच्या हातचे. डोळ्याने दिसेना तरी त्यांनी ते काम कुणाला दिलं नव्हतं. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत एवढा मोठा करायचा की कोपरापर्यंत पोचतो, आणि मग उलट्या खापरावर अलगद टाकायचा. त्याला डोळा लागत नाही, हात लागतात, असं त्या म्हणायच्या. गच्चीवर तीन विटांची चूल मांडली होती. सकाळी दहालाच ऊन मी म्हणत होतं. नणंद नशिराबादला दिलेली, ती पहाटेच आली होती आणि उंडे भरून देत होती. मी लाकडं सारत होते.

अक्कांनी सकाळी उठून गोळी घेतली होती, कारण गोळी चुकवायची नाही असं मीच त्यांना बजावलं होतं. चुलीपाशी बसता बसता दोन पानंही चावली होती, कारण तीही मीच देत होते. पोटात मात्र आदल्या संध्याकाळपासून काही नव्हतं. हे तिन्ही मला माहीत होतं. तिन्ही एकत्र करून बघायची अक्कल मात्र झाली नाही.

सहावा की सातवा मांडा असेल. अक्कांच्या हातावर तो फिरत होता आणि मध्येच फाटला. त्यांच्या हातून मांडा फाटलेला मी वीस वर्षांत पाहिला नव्हता. पुरण चुलीत पडलं. मी वर पाहिलं तर त्यांचे हात थरथरत होते आणि एवढ्या जाळाजवळ बसून अंगाला गार घाम सुटला होता. काय होतंय विचारलं तर भलतंच बोलायला लागल्या, घागर कुणी सांडली म्हणून नणंदेवर खेकसल्या. घागर खाली देवघरात होती.

नणंद म्हणाली, ऊन लागलं. तिने पदराने वारा घातला आणि मी धावत खाली जाऊन मशीन आणलं. बोटाला सुई टोचून आकडा बघितला. एवढा खाली आकडा त्या मशीनवर मी कधी पाहिला नव्हता. पुढचं मला माहीत होतं, डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, असं झालं तर लगेच साखर द्या. मी मूठभर साखर पाण्यात ढवळून पेला त्यांच्या तोंडाला लावला.

त्यांनी घोट घेतला आणि थुंकला. दुसरा घेतला, तोही थुंकला. नणंदेने सरळ साखरच तोंडात घातली तर ती हाताने बाहेर काढायला लागल्या. "रेती कायले घालता माह्या तोंडात," म्हणाल्या, आणि पेला ढकलून दिला. नणंद रडायला लागली. तिला वाटलं आईचं डोकं गेलं.

मला मात्र बाजारातला तो गुळाचा खडा आठवला. जीभ त्यांची नव्हती, पानांची होती. मी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, "अक्का, चव नका बघू. गिळा. मी सांगते म्हणून गिळा."

त्यांना मी दिसत नव्हते. दोन क्षण त्या माझ्या आवाजाकडे तोंड करून बसल्या. मग त्यांनी तोंड उघडलं. मी पाजत गेले आणि त्या रेती गिळावी तशी ती साखर गिळत गेल्या, घोटागणिक तोंड वाकडं करत. 

नवऱ्याला फोन केला, रिक्षा आली, दवाखान्यात सलाईन लागलं. तासाभरात अक्का माणसात आल्या. डॉक्टरबाई सणाच्या दिवशी घरून धावत आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, साखर रेतीसारखी का लागली? काय खाल्लं होतं?  नवरा शेजारी उभा, नणंद समोर. रोज पन्नास पोरांना खरं बोला म्हणून ओरडणारी मी, तिथे पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिले.

तेव्हा खाटेवरून अक्का म्हणाल्या, "पाला खाल्ला व्हता मी. मीच मागवला, यावलहून. हिले काही ठाव नव्हतं."

मग जी बोलणी बसली ती सगळी त्यांना बसली. नणंद बोलली, नवरा तर अर्धा तास बोलत होता. या वयात असले उद्योग कशाला, एक डोळा उरलाय तोही घालवायचाय का, असं सगळं. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. आणि मी ऐकू दिलं. त्याची लाज मला अजून वाटते.

डॉक्टरबाई मात्र रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पान घेऊन यायला सांगितलं, स्वतः चावून बघितलं आणि वर पेढा खाऊन हसल्या. मग समजावलं. या पानातले काही घटक जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागांवर जाऊन बसतात, त्यामुळे साखर आली तरी जिभेला पत्ता लागत नाही. आतड्यातही ते साखर रक्तात जायचा वेग कमी करत असावेत, शरीरातल्या इन्सुलिनलाही थोडा हातभार लावत असावेत, असं काही अभ्यासांत दिसतं. पण किती पानांनी किती, कुणाला किती, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि अक्कांची गोळी तर पोट रिकामं असो की भरलेलं, साखर खाली ढकलणारच. त्यात उपास. तीन बाजूंनी ढकललं तर माणूस पडणारच ना, म्हणाल्या.

मी विचारलं, मग पाला वाईट का? त्या म्हणाल्या, वाईट कोण म्हणतं? काम करतो म्हणून तर मला सांगायचं. ज्याने काहीच होत नाही ते नाही सांगितलं तरी चालेल. हे वाक्य मी तेव्हापासून शाळेत पालकांना ऐकवत असते.

पानं बंद झाली. बाकी त्यांनी ताटातलंच सांगितलं. मेथी, कारलं जेवणात राहू दे. मेथीदाणा भिजला की बुळबुळीत होतो ना, त्या बुळबुळीत गराने साखर हळू हळू शोषली जाते. गव्हाच्या पोळीपेक्षा कळण्याची भाकरी बरी, ज्वारी आणि सालासकट उडीद, सावकाश पचते. त्यावर अक्का गालात हसल्या. जन्मभर जे खाल्लं तेच डॉक्टरीण सांगतेय म्हटल्यावर त्यांना आपण पास झाल्यासारखं वाटलं.

उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर पहिल्याच बाजाराला मी त्या पानवाल्या बाईला झापायला निघाले होते. खरंच निघाले होते, वाक्यं तयार होती. तिच्यासमोर पोचले आणि तिने मान वर करून पहिलं विचारलं, "डाक्टरला विचारलं का?"  मी मध घेतला. काय झालं ते सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि सासू बरी आहे ना, एवढं दोनदा विचारलं. तिचे आभार मी मानले नाहीत, ते आज मानते.

दिवाळीच्या आधी अक्कांची साखर ताब्यात आली. कुठल्या एका गोष्टीने नाही, गोळी, भाकरी, चालणं आणि डॉक्टरबाईंचा धीर, सगळ्याने मिळून. आम्ही धुळ्याला गेलो, नणंदही आली, नवऱ्याने रजा काढली. ऑपरेशनच्या आधी तिथल्या नर्सने कागद पुढे ओढून विचारलं, दुसरं काही औषध, काढा, चूर्ण, पाला? अक्का म्हणाल्या, आता नही.

मी आदल्या रात्री माहेरी आईला सगळं सांगितलं होतं. ती अहिराणीत एवढंच म्हणाली होती, "बठ्ठं सांगी टाक, हलकी व्हशी." म्हणजे सगळं सांगून टाक, हलकी होशील. मी नर्सला म्हटलं, लिहा, आखाजीपर्यंत गुडमारची दोन पानं रोज. मग नवऱ्याकडे वळले. "ती पानं अक्कांनी मागवली नव्हती. मी आणली होती, मीच देत होते. त्यांनी माझ्यासाठी तुमची बोलणी खाल्ली."

नवऱ्याने या वेळी मात्र ऐकू न आल्याचा चेहरा केला नाही. नणंद काहीतरी बोलणार होती, पण अक्कांनी हात वर केला. "हिनं साखर पाजली तवा मी गिळली," म्हणाल्या. "दुसऱ्या कुनाचं ऐकलं नसतं." विषय तिथेच संपला. त्यांना चाकाच्या खुर्चीतून आत नेलं आणि मी दाराबाहेर उभी राहून घळाघळा रडले. राग अजिबात नव्हता, विचित्रच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. अक्कांनी आधी छताकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग लेकीकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "केस कवा पिकले वं तुह्ये?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही बघत नव्हता तेव्हा. त्या म्हणाल्या, आता रंग लाव, मले तरुण सून पायजे. सगळा वॉर्ड हसला.

यंदाच्या उन्हाळ्यात मला फार थकवा यायचा, तहान लागायची. डॉक्टरबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, तुमचीही साखर बघून घ्या. मी टाळलं होतं. बघितली तर वाढलेली, चांगलीच वाढलेली. मलाही गोळी सुरू झाली, अक्कांना आहे तीच. घरी आल्यावर अक्कांनी पाकीट हातात घेऊन, डोळ्याजवळ नेऊन, त्यावरची बारीक अक्षरं एकेक करून वाचली.

मग आखाजी आली. गच्चीवर चूल मांडली. नवऱ्याने खाली पितरांची घागर भरली, डांगर ठेवलं. मी सकाळची गोळी घेतली होती आणि लाकडं सारायला बसणार, तेवढ्यात अक्कांनी मांड्याचा उंडा बाजूला ठेवला आणि झाकलेली ताटली माझ्यासमोर सरकवली. कळण्याची भाकरी, वर मेथीची कोरडी भाजी, अजून गरम. म्हणजे आमच्या कुणाच्या आधी उठून केली होती.

मी म्हटलं, अक्का, अजून नैवेद्य नाही झाला, आगारी नाही दिली. साठ-सत्तर वर्षं ज्या बाईने हा नेम मोडला नव्हता, ती माझ्याकडे त्या एका डोळ्याने नीट बघत होती.

"पितर मेलेलेच हायेत," अक्का म्हणाल्या, "त्याह्यले भुकेनं आता काही व्हत नही. तू खाय पैले."

मी खाल्लं. त्या मला शेवटचा घास गिळेपर्यंत बघत राहिल्या, आणि मग त्यांनी पहिला मांडा हातावर घेतला.